केबल स्प्लिटर आणि घरचं इंटरनेट : अमेरिकेतल्या मराठी घरांतून सतत येणारे प्रश्न

आधी हे का लिहितोय ते सांगतो. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आईबाबा सांगलीला. उन्हाळ्यात इकडचे सकाळचे नऊ म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेसहा, त्या वेळेला दर रविवारी व्हिडिओ कॉल ठरलेला. आणि दर वेळी पाच-सात मिनिटांत आई म्हणायची, "अरे तू परत अडकलास, तोंड उघडं राहिलंय तुझं." मला मात्र ती अगदी स्वच्छ दिसायची, तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता यायचं, त्यामुळे मी जवळजवळ वर्षभर धरून चाललो होतो की गडबड सांगलीकडे आहे, बाबांना राउटरसुद्धा बदलायला लावला. गडबड आमच्या बेसमेंटमध्ये होती. आधीच्या घरमालकाने आठ खोल्यांत आठ टीव्ही लावायची सोय करून ठेवलेली, एक एट-वे स्प्लिटर, म्हणजे एक केबल आठ ठिकाणी वाटणारा डबा, छताच्या लाकडाला ठोकलेला, त्यातल्या एका आउटवर आमचा मोडेम आणि बाकीचे सात मोकळे. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच घरांत हेच बघितलंय, आणि प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक्सफिनिटी, स्पेक्ट्रम, कॉक्स, ऑप्टिमम असं टीव्हीच्या जाड केबलमधून नेट येणाऱ्यांसाठी हे आहे. भारतातल्या घरांबद्दलही पुढे एक प्रश्न घेतलाय.

स्प्लिटर नक्की करतो काय?

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, चपटा धातूचा डबा, एका बाजूला 'इन' आणि दुसऱ्या बाजूला दोन, तीन, चार किंवा आठ 'आउट'. त्याला वीज लागत नाही, आत चिप वगैरे काही नसते, फेराइटच्या छोट्या कड्यांवर गुंडाळलेली बारीक तार असते बस. रस्त्यावरच्या लाइनमधून जेवढी ताकद आत येते ती तो आउटमध्ये वाटून टाकतो. आणि लोक इथेच चुकतात, त्या आउटला टीव्ही लावलाय की नाही हे त्याला कळत नाही, रिकाम्या आउटचा वाटाही तो काढूनच ठेवतो. म्हणजे घरात एकच मोडेम आणि एट-वे स्प्लिटर असेल तरी मोडेमला एक अष्टमांशच मिळणार, खरं तर त्याहून जरा कमीच, कारण थोडी ताकद त्या तारेतच खर्च होते.

दुसरी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. तो दोन्ही दिशांना खातो. बाहेरून आत येणारा सिग्नल जेवढा कमी होतो तेवढाच मोडेमकडून बाहेर जाणाराही कमी होतो. माझ्या रविवारच्या कॉलची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, खाली सविस्तर येईलच.

कितीचा स्प्लिटर किती खातो?

मोजमाप डीबी म्हणजे डेसिबलमध्ये असतं. ३ डीबी गेले म्हणजे ताकद अर्धी, १० डीबी गेले म्हणजे एक दशांश. टू-वे स्प्लिटर प्रत्येक आउटवर साधारण ३.५ डीबी खातो, फोर-वे ७ च्या आसपास, एट-वे ११ च्या आसपास. थ्री-वे दोन प्रकारचे मिळतात, एकात तिन्ही आउट सारखे, साधारण साडेपाच-सहा डीबी जातात, आणि दुसऱ्यात एक आउट ३.५ चा आणि दोन ७ चे. हे आकडे बहुतेक वेळा डब्यावर आउटच्या शेजारीच कोरलेले असतात, मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

स्प्लिटरमागे स्प्लिटर लावला की बेरीज होते. बेसमेंटमध्ये फोर-वे आणि वर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे अजून एक टू-वे, म्हणजे साडेदहा डीबी गेले. त्यात वायर वेगळी. इथल्या घरांत जी आरजी-६ वायर असते ती १०० फुटांत वरच्या फ्रिक्वेन्सीला साधारण ६ डीबी खाते, खालच्या फ्रिक्वेन्सीला दीडच्या आसपास. जुन्या घरांत भिंतीत आरजी-५९ असते, जराशी बारीक, ती अजून जास्त खाते.

मग टू-वे लावला तर स्पीड अर्धा होतो का?

नाही! हा गैरसमज फार पसरलाय. अर्धी होते ती सिग्नलची ताकद, स्पीड नाही. पूर्वीचा अँटेनावाला टीव्ही आठवा, सिग्नल जरा कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, अजून कमी झाला की अजून मुंग्या, पण क्रिकेटची मॅच दिसत राहायची. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. मोडेमला ठरावीक पातळीच्या वर सिग्नल मिळाला की सगळे आकडे बरोबर वाचता येतात, मग तो सिग्नल काठावरचा असो की भरपूर, स्पीड तोच. पातळीच्या खाली गेला की मात्र एकदम पडापडी सुरू होते, पॅकेट म्हणजे माहितीचे तुकडे गळतात, मोडेम स्वतःच रिस्टार्ट होतो.

म्हणून चांगल्या लाइनवर एक टू-वे लावून काहीच फरक पडत नाही, आणि ज्याच्या घरी लाइन आधीच काठावर आहे त्याचं त्याच टू-वेने नेट जातं. शेजाऱ्याकडे चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं नाही.

नवीन डॉक्सिस ३.१ मोडेममध्ये मात्र थोडा फरक आहे (डॉक्सिस म्हणजे टीव्हीच्या केबलमधून नेट नेण्याची ठरलेली पद्धत, पुढचा आकडा तिची आवृत्ती). त्यात सिग्नल स्वच्छ असेल तर एकेका लहरीत जास्त बिट भरले जातात, ४०९६ क्वॉम नावाच्या पायरीपर्यंत, आणि सिग्नल मळका असेल तर सिस्टिम आपोआप खालच्या पायरीवर उतरते. तिथे स्प्लिटरमुळे नेट न तुटता स्पीड थोडा उतरलेला दिसू शकतो, गिगाबिटचा प्लॅन घेणाऱ्यांना हे जास्त जाणवतं.

डाउनलोड झकास येतं, पण कॉलवर समोरच्याला मी अडकलेला दिसतो. असं का?

हाच माझा प्रश्न होता, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

केबलच्या नेटमध्ये येणारी आणि जाणारी वाहतूक एकाच वायरीत पण वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असते. अमेरिकेत वर्षानुवर्षं अपलोड म्हणजे अपस्ट्रीम ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये आणि डाउनलोड म्हणजे डाउनस्ट्रीम ५४ च्या वर. येणारा सिग्नल कंपनीच्या मोठ्या यंत्रातून येतो, तो बऱ्यापैकी तगडा असतो, तुमच्या घरात १० डीबी गेले तरी बऱ्याचदा निभतं. जाणारा सिग्नल तुमच्या छोट्याशा मोडेमला स्वतः तयार करायचा असतो.

आता यातली गंमत बघा. पलीकडचं यंत्र गल्लीतल्या सगळ्या मोडेमचं ऐकत असतं आणि त्याला प्रत्येकाचा आवाज सारख्याच पातळीवर ऐकू यायला हवा असतो. तुमचा कमी आला तर ते सांगतं, वाढव. मोडेम आवाज वाढवतो. तुम्ही मध्ये ७ डीबीचा स्प्लिटर लावला की मोडेम निमूटपणे ७ डीबी जास्त जोराने बोलायला लागतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही, सगळं पूर्वीसारखंच चालतं. पण प्रत्येक मोडेमच्या आवाजाला छत असतं. डॉक्सिस ३.० मोडेम चार अपस्ट्रीम चॅनेल, म्हणजे अपलोडच्या चार वाटा, एकदम चालवत असेल तर प्रत्येक चॅनेलला साधारण ५१ डीबीएमव्हीच्या (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) वर जाता येत नाही. तिथे पोचला की मग एखादं चॅनेल सुटतं, पॅकेट गळतात, लॉगमध्ये टी-३ टाइमआउटच्या ओळी दिसायला लागतात, म्हणजे मोडेमने हाक मारली आणि पलीकडून ओ आली नाही.

आमच्याकडे हेच होतं. ५३ लागत होते, मोडेम ५१ वर डोकं आपटून थांबलेला. स्पीड टेस्टमध्ये मोठ्ठा हिरवा आकडा येतो डाउनलोडचा, तो छान यायचा, म्हणून संशय आला नाही. आईचा चेहरा येत होता डाउनलोडवर आणि माझा जात होता अपलोडवर. एट-वे काढून तिथे साधा बॅरल जोड लावला, दोन वायरी सरळ एकमेकींना जोडणारा, तीनेक डॉलरला मिळतो, तर अपस्ट्रीम ४२ वर आलं आणि डाउनस्ट्रीम उणे ८ वरून अधिक ३ वर गेलं. बरोबर ११ डीबी, दोन्हीकडे. त्या रविवारी दीड तास बोललो.

त्यामुळे ऑफिसचे कॉल घरून करणाऱ्यांना, मुलांचे ऑनलाइन क्लास असणाऱ्यांना माझं एकच सांगणं, डाउनलोडचा आकडा बघून समाधान मानू नका, अपस्ट्रीम पॉवर बघा. स्प्लिटरचा त्रास आधी तिथे दिसतो.

हे आकडे बघायचे कुठे, आणि किती असायला हवेत?

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, अर्थात इंग्रजी आकड्यांत. बहुतेक केबल मोडेम या पत्त्यावर स्वतःचं पान दाखवतात. कंपनीने दिलेल्या मोडेम-राउटर एकत्र असलेल्या डब्यात पत्ता वेगळा असू शकतो, बहुतेक वेळा तो डब्याच्या खाली लिहिलेला असतो. काही डब्यांत लॉगिन लागतं. आत सिग्नल किंवा केबल कनेक्शन नावाचं पान शोधा.

तीन रकाने बघायचे. पहिला डाउनस्ट्रीम पॉवर, डीबीएमव्हीमध्ये. इथे शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे हं, शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट, आणि उणे आकडा म्हणजे त्याहून कमी, उणे दिसला म्हणून घाबरू नका. नियमाप्रमाणे उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण मनाला शांती हवी असेल तर उणे ७ ते अधिक ७ च्या मध्ये असावं. दुसरा एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती वर आहे. ३५ च्या वर असेल तर उत्तम, ३३ च्या खाली उतरला तर शोधाशोध सुरू करा. तिसरा अपस्ट्रीम पॉवर, आणि इथे उलटं आहे, आकडा जेवढा मोठा तेवढा मोडेम जास्त ओरडतोय. ३५ ते ४८ ठीक, ५० दिसलं की स्प्लिटर शोधायला बेसमेंटमध्ये जा.

अजून एक, अनकरेक्टेबल नावाचा रकाना असतो, म्हणजे मोडेमला दुरुस्त न करता आलेल्या चुका. तो मोडेम चालू झाल्यापासूनची बेरीज दाखवतो, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून काही कळत नाही. आता बघा, लिहून ठेवा, तासाभराने परत बघा, त्या तासात किती वाढला ते महत्त्वाचं.

आणि हे सगळं करायच्या आधी एक दिवस लॅपटॉप वायरने जोडून बघा. निम्म्या तक्रारी वायफायच्या असतात, त्यात स्प्लिटरचा काहीच दोष नसतो.

मोडेम नक्की कुठे जोडावा?

लाइन घरात शिरते तिथल्या पहिल्याच जोडावर. टीव्हीचं केबल कनेक्शन नसेल, नुसतं नेट असेल, तर स्प्लिटर पूर्ण काढा. टीव्ही आणि नेट दोन्ही असेल तर आधी एक चांगला टू-वे, त्याचा एक आउट सरळ मोडेमला, मध्ये दुसरं काही नको, आणि दुसऱ्या आउटवर टीव्हींसाठी जो काही फोर-वे बिर-वे लावायचाय तो. म्हणजे मोडेमला फक्त ३.५ चा फटका. टीव्हीच्या बॉक्सना थोडा कमी सिग्नल चालून जातो.

अजून बारीक काम करायचं असेल तर डायरेक्शनल कप्लर मिळतो, दिसायला स्प्लिटरसारखाच, पण त्यातला एक आउट जेमतेम एक-दीड डीबी खातो आणि दुसरा ६ किंवा ९. मोडेमला एक-दीडवाला द्यायचा. सगळ्यांना गरज नाही, लाइन लांबून येते अशा घरांत उपयोगी पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या स्प्लिटरच्या स्क्रूला बऱ्याचदा एक हिरवी किंवा उघडी तांब्याची तार जोडलेली असते. ती अर्थिंगची आहे. स्प्लिटर काढताना ती तशीच लोंबत सोडू नका, अर्थिंगचा स्क्रू असलेला जोड मिळतो, ग्राउंड ब्लॉक, तो लावून तार त्याला जोडा. वीज पडते तेव्हा टीव्ही, मोडेम आणि घर त्यावर अवलंबून असतं.

थ्री-वे आहे, मोडेम कोणत्या आउटला?

३.५ लिहिलेल्या. बहुतेक घरांत तो टीव्हीला दिलेला सापडतो. नुसती अदलाबदल केली तरी साडेतीन डीबी परत मिळतात, फुकट.

रिकाम्या आउटचं काय करायचं?

त्यावर ७५ ओमचा टर्मिनेटर लावा, टोपीसारखा छोटा, स्क्रूसारखा फिरवून बसतो. उघड्या तोंडावर सिग्नल आपटून उलटा फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो, शिवाय बाहेरचा मोबाइल टॉवरचा, रेडिओचा गोंगाट तिथून आत शिरतो. आणि तो नुसता तुमच्या घरात राहत नाही. अपस्ट्रीममध्ये सगळ्या घरांचा कचरा एकाच नाल्यात जमा होतो, म्हणून एका घराच्या सैल जोडामुळे अख्ख्या गल्लीचं अपलोड बिघडू शकतं. तसंच भिंतीतल्या ज्या वायरींच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही, त्या स्प्लिटरमधून काढूनच टाका. पण टर्मिनेटर लावला म्हणजे त्या आउटचा वाटा मोडेमला मिळाला असं समजू नका, तो वाटा गेलाच. लहान स्प्लिटर लावणं हाच उपाय.

होम डेपोतून कोणता आणू? सोनेरी चांगला असतो का?

रंगावर जाऊ नका. डब्यावर ५ पासून सुरू होणारी रेंज आहे का ते बघा, ५ ते १००० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वर. मोडेम डॉक्सिस ३.१ असेल तर १२१८ च्या वर जाणारा घ्या, कारण त्याची डाउनलोडची हद्द तिथपर्यंत जाऊ शकते. डिश टीव्हीसाठीचे काही स्प्लिटर ९५० मेगाहर्ट्झपासून सुरू होतात, ते नेटला अजिबात चालत नाहीत, अपस्ट्रीम त्यातून जाणारच नाही. दुकानात शेजारी शेजारी लटकलेले असतात, घाईत चुकीचा उचलला जातो.

वायरीच्या टोकाचे कनेक्टरही बघून घ्या. हाताने पिळून बसवायचे स्वस्त कनेक्टर वापरू नका, दाबून बसवलेले कॉम्प्रेशन कनेक्टर हवेत. हाताने घट्ट करा आणि मग ७/१६ इंचाच्या पान्याने अगदी थोडा, पाव वळसा. माझ्या अनुभवात खराब स्प्लिटरपेक्षा सैल कनेक्टर जास्त सापडतात. हलवला की मोडेमचे दिवे लुकलुकले तर समजा चोर सापडला.

बूस्टर लावला तर?

आपल्याकडे केबलवाल्याने बूस्टर लावला की टीव्ही चकाचक व्हायचा, ते डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून सगळ्यांचा पहिला विचार बूस्टरचाच असतो. इथे मी शेवटचा उपाय म्हणून सांगेन. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो, त्यामुळे एसएनआर सुधारत नाही. खूप स्प्लिटरच्या मागे, शेवटी मोडेमजवळ बूस्टर लावण्यात काहीच अर्थ नाही, जे मळलंय ते मोठं होऊन येईल. लावायचाच तर लाइन आत येते तिथे, स्प्लिटरच्या आधी.

त्यात बऱ्याच बूस्टरमध्ये अपस्ट्रीमसाठी ४२ मेगाहर्ट्झचीच खिडकी असते. कंपन्या आता अपलोड वाढवायला ही हद्द ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत नेतायत, तिथे जुना बूस्टर नवीन अपलोड अडवून बसतो. कंपनीने तुमच्या भागात अपलोड स्पीड वाढवला, शेजाऱ्याला मिळतोय आणि तुम्हाला नाही, तर बेसमेंटमध्ये जुना बूस्टर आहे का बघा.

सिग्नल जास्त असू शकतो का?

हो. डाउनस्ट्रीम अधिक १२, अधिक १४ दिसत असेल तर मोडेमचे कान बसतात, चुका वाढतात. त्यासाठी अटेन्युएटर नावाचं, सिग्नल कमी करणारं बोटाएवढं डबडं मिळतं, ३ किंवा ६ डीबीचं. स्प्लिटर काढल्यावर सिग्नल फार वर गेला तर घाबरून परत स्प्लिटर लावायची गरज नाही, हे लावा. पण लावताना अपस्ट्रीमचा हिशेब विसरू नका, तोही तेवढाच वर जाईल.

छतावरचा अँटेना त्याच वायरीत जोडला तर फुकटचे चॅनेलही दिसतील ना?

कृपा करून करू नका. स्प्लिटर उलटा लावून अँटेना आणि केबल एकत्र केलेली घरं मी बघितली आहेत. अँटेना हवेतलं सगळं गोळा करून केबलच्या लाइनमध्ये सोडतो, आणि तुमचा केबल सिग्नल अँटेनातून हवेत जातो. कंपनीचा माणूस गळती शोधत दारात येतो आणि लाइन तोडूही शकतो, विमानांच्या रेडिओच्या फ्रिक्वेन्सीत गळती जाऊ नये म्हणून त्यांच्यावर सरकारी नियम आहेत. अँटेनाची वायर पूर्ण वेगळी ठेवा.

मोका अडॅप्टर लावलेत, त्यांना स्प्लिटर चालतो?

चालतो, तिथे तर लागतोच. मोका म्हणजे घरातल्या टीव्हीच्या वायरीतून राउटरपासून वरच्या बेडरूमपर्यंत नेट नेणं, ते ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. जुना ५ ते १००० वाला स्प्लिटर त्या फ्रिक्वेन्सीला मनमानी करतो, कधी चालतं कधी नाही, म्हणून १६७५ पर्यंतचा घ्या. लाइन घरात येते तिथे मोका फिल्टर जरूर लावा, नाहीतर तुमचा सिग्नल शेजारच्या घरात पोचू शकतो. आणि मोडेम डॉक्सिस ३.१ असेल तर मोडेमच्या तोंडावरही एक फिल्टर लावून बघा, दोघांच्या फ्रिक्वेन्सी ११२५ ते १२१८ च्या पट्ट्यात एकमेकांवर येतात.

आमच्याकडे फायोस आहे. किंवा फाइव्ह-जी होम इंटरनेट आहे.

मग यातलं फारसं काही लागू नाही. फायोसचं नेट घरापर्यंत फायबरने येतं, आतली टीव्हीची वायर मोकासाठी वापरली असेल तर वरचा प्रश्न वाचा. फाइव्ह-जी हवेतून येतं.

आईबाबा पुण्यात आहेत, त्यांच्याकडेही स्प्लिटर बघायला सांगू का?

आधी नेट कशातून येतं ते विचारा. मुंबई-पुण्यात केबल टीव्हीच्या वायरीतून नेट देणाऱ्या कंपन्या होत्या, अशी जोडणी अजून कुठे असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू, फक्त तिथे गच्चीवरून येणाऱ्या वायरीचे जोड पावसात भिजलेले असतात, ते आधी बघायचे.

एमटीएनएल-बीएसएनएलच्या फोन लाइनवर नेट होतं तेव्हा एक छोटी पांढरी डबी यायची, एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला मोडेम. तिलाही स्प्लिटरच म्हणायचे, पण तिचं काम एकदम वेगळं, ती ताकद वाटत नाही, ती फोनचा आवाज आणि नेटची वरची फ्रिक्वेन्सी वेगळी करते. ती काढली की फोनमध्ये खरखर यायची आणि फोन उचलला की नेट जायचं. म्हणून "स्प्लिटर काढा" हा सल्ला तिथे उलटा पडतो, फोनवर कुणाला सांगताना जपून.

आता बहुतेक घरांत फायबर आलंय. तिथे स्प्लिटर असतो, पण काचेचा, आणि घराबाहेर, खांबावर किंवा सोसायटीच्या डक्टमध्ये. हिशेब गमतीशीरपणे तोच, दोन वाटे ३.५ डीबी, आठ वाटे साडेदहाच्या आसपास, बत्तीस वाटे साडेसतरा. फरक एवढाच की हे सगळं आधीच धरून आखणी केलेली असते. घरात बघायचा आकडा म्हणजे डब्याचा ऑप्टिकल रिसीव्ह पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवा, उणे २५ च्या पलीकडे गेला की तक्रार करा. घरातल्या माणसांना एवढंच सांगा की ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर दरवाजात चेंगरू देऊ नका, खिळ्याला गुंडाळू नका. तीव्र वळण दिलं की प्रकाश तिथेच गळतो. लाल दिवा लागला तर डबा बंद-चालू करत बसण्यापेक्षा आधी ती वायर शेवटपर्यंत बघा.

स्प्लिटर काढला तरी आकडे तसेच. आता?

मग गडबड घराबाहेर आहे. खांबापासून भिंतीपर्यंतची वायर, भिंतीवरच्या पेटीतला जोड, खारीने कुरतडलेलं आवरण, आत शिरलेलं पाणी. दुपारी उन्हात बिघडतं आणि रात्री सुधारतं असं होत असेल तर बाहेरच्या जोडावर माझा पहिला संशय. मोडेम त्या पेटीजवळ नेऊन सरळ येणाऱ्या लाइनला लावा, एक्सटेंशन कॉर्डने वीज द्या, पंधरा मिनिटं थांबा आणि आकड्यांच्या पानाचा फोटो काढा. तिथेही आकडे वाईट असतील तर घरातल्या वायरींचा प्रश्नच उरला नाही.

हे फोटो हातात असले की कंपनीशी बोलणं सोपं जातं. "नेट स्लो आहे" म्हटलं की ते मोडेम रिस्टार्ट करायला सांगतात आणि फोन ठेवतात. "घरात एकही स्प्लिटर नाही, अपस्ट्रीम ५१ आहे, लॉगमध्ये टी-३ येतायत, बाहेरच्या पेटीजवळही तेच" असं सांगितलं की माणूस पाठवतात. तो आला की पेटीजवळ त्याच्या मीटरवरचा आकडा तुम्हीही बघा, त्याने काही बदललं तर काय बदललं ते विचारून घ्या, आणि तो दारात असतानाच मोडेमचं पान परत उघडून आकडे ताडून बघा.

अपार्टमेंटमध्ये राहतो, पेटी कुलुपात आहे.

तुमच्या खोलीतला भाग तरी तपासा, टीव्हीच्या मागे, सोफ्याच्या मागे, कपाटात, मागच्या भाडेकरूने टू-वे सोडलेला असतो. मोडेमची जागा बदलूनही बघा, दुसऱ्या खोलीतल्या भिंतीवरच्या पॉइंटला लावा, दोन्हीकडचे आकडे लिहा. अपस्ट्रीम एकीकडे ५० आणि दुसरीकडे ४४ आलं तर तुमच्या घरातल्याच वायरीत काहीतरी आहे. दोन्हीकडे सारखेच वाईट आले तर लीजिंग ऑफिसला लेखी कळवा, सोबत फोटो जोडा, आणि शेजारच्या एक-दोघांनाही त्यांचे आकडे बघायला सांगा. एका खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तसं केलं, तिघांचे आकडे एकत्र पाठवले, तेव्हा कुलूप उघडलं आणि आत तीन स्प्लिटर एकामागे एक लावलेले निघाले.